मर्यादवेल आणि समुद्राकाठची एक बाग : चार वर्षांचं प्रकरण

पहिल्यांदा त्या बागेत पाऊल ठेवलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. घराचा व्हरांडा आणि भरतीची रेघ यांच्यामध्ये साधारण तीस मीटर लांब आणि अठरा मीटर रुंद असा वाळूचा पट्टा. समुद्राच्या बाजूला दीड मीटर उंचीची, तळाशी पाणी जायला ठेवलेली दोन भोकं सोडली तर कुठेही फट नसलेली दगडी भिंत. पट्ट्यातल्या तीनशे चौरस मीटरवर हिरवळ लावलेली होती, पण तेव्हा तिथे पिवळ्या गवताचे तुकडे आणि मधे उघडी पडलेली वाळू एवढंच दिसत होतं. कडेच्या जास्वंदी एका अंगाने हिरव्या आणि समुद्राकडच्या अंगाने भाजल्यासारख्या होत्या. बाग ज्यांची, त्या काकू मला भिंतीपर्यंत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पाणी कमी पडत नाही रे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सोडते. माती बदलली, खत घातलं, हिरवळ तिसऱ्यांदा अंथरली. आणखी काय करायचं?"

पुढची चार वर्षं मी त्या बागेत जात-येत राहिलो. तिथे काय केलं, काय फसलं आणि कशामुळे, हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. समुद्राकाठी बाग करणाऱ्या बहुतेकांची अडचण थोड्याफार फरकाने हीच असते, आणि पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती जाणती माणसंही करतात.

पाणीच दुखणं होतं

जास्वंदीच्या पानांनी अर्धी गोष्ट सांगितली होती. पाण्याच्या ओढीने सुकणारं झाड सगळीकडून सारखं मान टाकतं. खाऱ्या वाऱ्याने भाजलेलं झाड एकाच अंगाने भाजतं, आणि पान आधी टोकाला व कडेला तपकिरी होतं, कारण आत गेलेलं मीठ पाण्याबरोबर वाहत कडेपर्यंत पोचतं आणि तिथेच साठतं. समुद्राकडच्या अंगाचा उलगडा तेवढ्याने झाला. घराच्या आडोशाला असलेल्या, वारा न लागणाऱ्या कुंड्यांमधल्या झाडांची पानंही कडेने जळलेली होती. त्यांना मीठ कुठून मिळत होतं?

विहिरीतून. पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) मोजली तर ती ३.८ डेसिसिमेन्स प्रति मीटर भरली. ३ च्या वर गेलेलं पाणी बहुतेक बागायती झाडांना सोसत नाही. या आकड्याचा ढोबळ अर्थ असा की एका लिटरमध्ये जवळजवळ अडीच ग्रॅम क्षार. मी काकूंसमोर कागदावर हिशोब मांडला. तीनशे चौरस मीटर हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी म्हणजे दीड हजार लिटर. दीड हजार लिटरमध्ये साडेतीन किलोच्या आसपास क्षार. म्हणजे रोज साडेतीन किलो मीठ त्या गवतावर पडत होतं. काकू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण पूर्वी आमची विहीर गोड होती."

ते खरंच असणार. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं असतं. घनतेतला हा फरक अगदी थोडा, साधारण १.००० आणि १.०२५ एवढाच, पण त्याचा परिणाम मोठा होतो. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी हा संबंध स्वतंत्रपणे मांडला, आणि तो त्या दोघांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून विहिरीची पातळी उपशाने जरा जरी कायमची खाली गेली, तर खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू पाहतं. हिरवळीसाठी रोज दीड हजार लिटर उपसा, त्याने विहीर मचूळ, मचूळ पाण्याने गवत पिवळं, आणि गवत पिवळं दिसलं की आणखी पाणी. काकूंनी काळजीपोटी केलेली प्रत्येक गोष्ट या फेऱ्याला जोर देत होती.

तेव्हा पहिला निर्णय झाडाचा नव्हता, उपसा कमी करण्याचा होता. व्हरांड्यालगत, घराच्या आडोशाला साठ चौरस मीटर हिरवळ ठेवायची आणि बाकीची काढून टाकायची. रोजचं पाणी तीनशे लिटरवर आलं. उरलेल्या वाळूवर असं काहीतरी हवं होतं जे एकदा रुजलं की पाणी मागणार नाही.

कोणती वेल, आणि का

तिथल्या माळीदादांनी वेडेलिया सुचवली. पिवळ्या फुलांची, झपाट्याने जमीन झाकणारी, कशीही वाढणारी. झाकते हे खरं, पण ती मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या सजीवांच्या यादीत तिचं नाव आहे. वाळूच्या किनाऱ्यावर ती एकदा कुंपणाबाहेर गेली की तिथलं मूळचं काही टिकू देत नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. मग माळीदादांना घेऊनच भिंतीपलीकडे किनाऱ्यावर गेलो. कोणत्याही किनारी बागेत माझी सुरुवात अशीच होते: भरतीची रेघ जिथे संपते तिथून चालायला लागायचं, आणि कुणीही न लावता, कुणीही पाणी न घालता काय उगवलं आहे ते पाहायचं.

तिथे मर्यादवेल होती. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, दोरासारख्या लांबच लांब फांद्या, आणि सकाळच्या उन्हात उघडलेली जांभळट गुलाबी फुलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिचं नाव ठेवलं तेव्हा त्याला त्या पानात बकरीचं खूर दिसलं; शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे, त्यातल्या पेस-काप्रेचा अर्थ तोच. मला आपलं मराठी नाव जास्त नेमकं वाटतं. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल सुरू होते, आणि भरतीची खरी सीमा ओळखायची असेल तर नकाशापेक्षा तिच्याकडे पाहावं.

जगभरातल्या उष्ण कटिबंधातल्या वाळूच्या किनाऱ्यांवर ती मूळची आहे. तिचं बी पाण्यावर तरंगतं आणि महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहूनही रुजण्याची ताकद टिकवतं, म्हणून समुद्रच तिला एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेत आला आहे. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्या बेटावरची वनस्पतीसृष्टी राखेखाली गेली. त्यानंतर किनाऱ्यावर जी झाडं लवकर परतली त्यांत ही वेल होती. आपली बाग निदान त्या राखेपेक्षा बरी, असं मी काकूंना म्हणालो. त्या हसल्या आणि तयार झाल्या.

पहिलं वर्ष, आणि माझी चूक

हिरवळ काढणं, कुजलेलं गवत उचलणं यात पावसाळा निघून गेला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मोकळी वाळू पाहून काकूंना रोज हुरहूर लागायची, आणि मीही घाई केली. पावसाळा संपल्यावर चोवीस तुकडे लावले. कसे लावले ते नीट सांगतो, कारण चूक तिथेच आहे.

भिंतीच्या पायथ्याशी फूटभर खोल खड्डे घेतले. त्यात बाहेरून आणलेली पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरलं. प्रत्येक खड्ड्यात वीतभर लांबीचा एक तुकडा, आणि रोज पाणी. कुठलंही चांगलं रोप आपण असंच लावतो. पहिला महिना पाहणाऱ्याचं मन भरावं असा गेला. मोठी, मऊ, गडद हिरवी पानं आली. दुसऱ्या महिन्यात काही तुकड्यांचे बुंधे काळे पडले. तिसऱ्यात मी पाणी कमी करायला सांगितलं, तर उरलेल्यांनी दोन दिवसांत माना टाकल्या. चौथ्या महिन्याच्या शेवटी चोवीसातले पाच जिवंत होते.

त्या पाचांतले तीन एका जागेवर होते. भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला ठेवलेली दोन भोकं होती. त्यांतून या वेलींच्या फांद्या पलीकडे निसटल्या होत्या आणि बाहेरच्या कोरड्या, कुणी हात न लावलेल्या वाळूत ताठ उभ्या होत्या. त्यांची पानं लहान, जाड, चकचकीत. आतल्या बाजूला मात्र त्याच वेली मरगळलेल्या.

मी दोन्हीकडे खणून पाहिलं. मेलेल्या वेलीचा खड्डा उघडला तर मुळांचा गुंता मातीच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला, कुंडीत फिरतो तसा गोल फिरलेला. एकही मूळ वाळूत उतरलेलं नव्हतं. हातातली माती पिळली तर पाणी निघालं, आणि वास आंबूस. भिंतीबाहेर एका पेराखाली हात घालत गेलो तर मूळ सरळ खाली, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत हात गेला तरी पुढे होतंच, आणि तिथल्या वाळूला गार ओल लागत होती.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बारीक कणांच्या मातीखाली जाड वाळू असली की पाणी लगेच खाली उतरत नाही. बारीक माती पाण्याला घट्ट धरून ठेवते, आणि ती पुरती चिंब झाल्याशिवाय वाळूत थेंब सोडत नाही. म्हणजे मी वाळूत चोवीस अदृश्य कुंड्या पुरल्या होत्या. रोजच्या पाण्याने त्या सतत चिंब, त्यात पाणी मचूळ, आणि मुळांना खाली जाण्याचं काही कारणच नाही, कारण ओल आणि खत दोन्ही तोंडाशी. उघड्या वाळूत उलटं घडतं. वरची चार बोटं वाळू तापते (भर दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहता येत नाही, तापमान पन्नास अंशांच्या वर जातं) आणि कोरडी होते. तोच कोरडा थर खालच्या ओलीवर झाकण घालतो. मर्यादवेलीचं मूळ त्या झाकणाखाली उतरण्यासाठीच घडलं आहे. तिला वर रोज ओल दाखवली तर ते उतरत नाही. खतामुळे आलेल्या मोठ्या मऊ पानांना खारं वारंही जास्त झोंबतं, हेही त्या चार महिन्यांत दिसलं.

भिंत

खणताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. भिंतीच्या आतल्या पायथ्याची वाळू उडून जात होती आणि उरलेल्या वेलींची मुळं उघडी पडत होती. भिंत असून वाळू कशी उडते, हे काकूंच्या मुलाला पटेना. भिंतीला फटी पाडायच्या हे ऐकून तर तो म्हणाला, "अहो, वारा थेट आत येईल की!"

वाद घालण्यापेक्षा आम्ही एक प्रयोग केला. काठ्यांना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या बांधल्या आणि भिंतीपासून आत अर्धा, दोन, पाच आणि दहा मीटरवर त्या रोवल्या. दुपारी वारा चढला तेव्हा पाच आणि दहा मीटरवरच्या पट्ट्या घराकडे फडफडत होत्या, अगदी अपेक्षेप्रमाणे. दोन मीटरवरची पट्टी कुठेही गरगर फिरत होती. आणि भिंतीलगतची पट्टी समुद्राच्या दिशेने ताणलेली. भरीव भिंतीवर आपटलेला वारा वर चढतो, पलीकडे कोसळतो आणि उलटा वळून पायथ्याशी घुसतो. तो वाळू उपसतो आणि आणलेले खारे तुषार नेमके तिथेच टाकतो. निम्मी फट असलेलं कुंपण वाऱ्याला अडवत नाही, गाळतं. वाऱ्याचा जोर मोडतो, भोवरा फारसा बनत नाही, आणि उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो.

मुलाने पट्ट्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गवंडी बोलावला. भिंतीचे एकाआड एक भाग कमरेच्या खालपर्यंत उतरवले, आणि समुद्राच्या बाजूला दोन मीटर पुढे, त्यांच्याच जागेच्या हद्दीत, काटक्यांचं सव्वा मीटर उंचीचं कुंपण घातलं. काटक्यांमध्ये काटकीच्या जाडीएवढी फट.

दुसरी लागवड

आता पावसाची वाट पाहिली. वेलीचे तुकडे कुठून आणायचे हा प्रश्न छोटा वाटतो, तसा तो नाही. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावरून वेल उपटून आणणं मला मान्य नाही. ते टेकाड त्या वेलीनेच धरून ठेवलेलं असतं. जिथे ती उपटली तिथे वाऱ्याला तोंड मिळतं आणि खड्डा वाढत जातो. अनेक देशांत किनाऱ्यावरच्या वनस्पतींना कायद्याचं संरक्षण आहे ते याचसाठी. आम्ही दोन ठिकाणांहून फांद्या घेतल्या: आमच्याच भिंतीबाहेर निसटलेल्या वेलींच्या, आणि मोठ्या भरतीने तोडून किनाऱ्यावर आणून टाकलेल्या. या दुसऱ्या फांद्या मेल्यासारख्या दिसतात. पेराशी नख लावून पाहायचं. हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला की ती जिवंत.

या वेळी वीतभर तुकडे केले नाहीत. मीटरभर लांब, आठ-दहा पेरांच्या अठरा फांद्या निवडल्या. पानं निम्मी छाटली. नुसत्या वाळूत चार बोटं खोल चर काढला, त्यात फांदी आडवी निजवली, वाळू ओढली आणि शेंड्याकडची दोन पेरं बाहेर ठेवली. दोन फांद्यांमध्ये एक मीटर. माती नाही, खत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत सलग चार दिवस पाऊस पडला नाही तरच पाणी, तेही पावसाचं साठवलेलं. काकूंना हे सर्वांत जड गेलं. "रोप लावायचं आणि पाणी घालायचं नाही, हे काही बरं वाटत नाही," असं त्या म्हणत. त्यांचा जीव राहावा म्हणून व्हरांड्यालगतच्या साठ चौरस मीटर हिरवळीची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे दिली.

फांदी आडवी पुरण्याचा फायदा असा की प्रत्येक पेराला मुळं फुटतात. एक पेर कुजलं, एक उघडं पडलं, तरी बाकीची असतात. पावसाळा संपेपर्यंत अठरापैकी सोळा फांद्या रुजल्या होत्या. वर्षाअखेर सर्वांत लांब फांदी मी मोजली, सहा मीटर. काटक्यांच्या कुंपणाशी वाऱ्याने आणलेली वाळू साठून वीतभर उंचवटा तयार झाला होता, आणि वेल त्यावर चढत होती. वाळू अंगावर आली की ती गुदमरत नाही, पुरल्या गेलेल्या पेरांना नवी मुळं सोडते आणि शेंडा वर काढते. आधी भिंतीच्या पायथ्याची जी वाळू उडून जात होती, ती आता थांबत होती.

मधे एकदा काकूंचा घाबरून फोन आला की वेलीला मुंग्या लागल्या आहेत, काही फवारू का. देठाच्या वरच्या टोकाशी या वेलीला गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात आणि मुंग्या त्यासाठी येतात. त्यांची ये-जा असली की पानं खाणाऱ्या किड्यांना तिथे निवांत बसता येत नाही. काही फवारू नका, म्हटलं. पानांना गोल भोकं पाडणारे सोनेरी, कासवासारखे छोटे भुंगेरे आले होते, तेही तसेच राहू दिले. भोकं पडली, वेलीचं काही बिघडलं नाही.

फुलं आली, बी येईना

दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलांचा बहर आला. एक फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. पण दुसऱ्या सकाळी नवी फुलं असतातच. मोठे काळे भुंगे यायचे, मधमाश्या यायच्या. तरी संपूर्ण हंगामात एकही बोंड धरलं नाही.

काकूंना बियांचं फारसं काही नव्हतं, मला मात्र चैन पडेना. मग फांद्या कुठून आल्या ते आठवलं. अठरापैकी बऱ्याच फांद्या भिंतीबाहेर निसटलेल्या वेलींच्या होत्या, त्या वेली मी किनाऱ्यावरच्या एकाच जाळ्यातून आणलेल्या, आणि भरतीने टाकलेल्या फांद्याही बहुधा त्याच जाळ्याच्या तुटलेल्या. दिसायला अठरा वेली, प्रत्यक्षात एकच झाड. मर्यादवेलीच्या फुलाला स्वतःच्याच परागाने सहसा फळ धरत नाही. तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. भुंगे दिवसभर एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला नेऊन देत होते.

पुढच्या पावसाळ्यात दूरच्या एका खाडीपलीकडच्या किनाऱ्यावरून, भरतीने टाकलेल्याच फांद्या आणल्या आणि चार जागी मधे-मधे लावल्या. त्यांना फुलं आली त्या हंगामात बोंडं धरली. प्रत्येक बोंडात चार काळपट, मखमली लव असलेल्या बिया. हे बी तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं, कारण समुद्रप्रवासासाठी त्याचं कवच पक्कं असतं. खरकागदावर एका बाजूने घासून आतला फिकट रंग दिसू लागला की थांबायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी पेरायचं. न फुगलेलं पुन्हा घासायचं. बियांपासून केलेल्या वेली एकमेकींपासून थोड्या वेगळ्या असतात, आणि किनाऱ्यासारख्या लहरी जागी हा वेगळेपणा मला फार मोलाचा वाटतो. शक्य असेल त्यांनी पहिल्या दिवसापासूनच दोन-तीन दूरच्या ठिकाणांचं बियाणं किंवा फांद्या मिसळाव्यात. मी दोन वर्षं उशिरा शिकलो.

जे सोपं नव्हतं

तिसऱ्या वर्षी वेल घराच्या दिशेने निघाली. जास्वंदींवर चढली, पायवाटेवर आली, आणि तिच्या दोरासारख्या फांदीत पाय अडकून काकूंची नात पडली. तेव्हापासून पायवाटेच्या कडेने पावसाळ्यात महिन्याला एकदा कोयत्याने सरळ रेघ मारायची, असं ठरलं. कापलेल्या फांद्या ओलसर जागी टाकल्या तर तिथेच रुजतात, म्हणून त्या आधी उन्हात कडक वाळवायच्या, किंवा कुंपणाच्या समुद्राकडच्या बाजूला जिथे हवी तिथेच नेऊन पुरायच्या.

पायाखाली तुडवलं जाणं तिला सोसत नाही. हिरवळीसारखं तिच्यावर बसता, खेळता येत नाही. उन्हाच्या शेवटच्या महिन्यांत ती विरळ होते, जुनी पानं पिवळी पडून झडतात आणि फांद्यांची जाळी उघडी दिसते. दर उन्हाळ्यात काकूंना ती मेली असं वाटे. गर्द सावलीत, किंवा सुरूच्या सुकलेल्या पानांच्या जाड थराखाली ती नीट वाढत नाही, आणि पाणी साचणाऱ्या चिकणमातीत तिचं काही चालत नाही. वर्षभर सारखी हिरवी आणि नीटनेटकी बाग हवी असेल त्यांना मी ही वेल सुचवणार नाही.

विहिरीच्या पाण्याच्या विद्युतवाहकतेचं मोजमाप दर उन्हाळ्याच्या शेवटी घेत राहिलो. पहिल्या वर्षी ३.८ होतं, दुसऱ्या वर्षी २.६ आणि तिसऱ्या वर्षी १.७. यात चांगल्या पावसाचाही वाटा असणार, सगळं श्रेय उपसा कमी झाल्याला देता येत नाही. पण व्हरांड्यातल्या कुंड्यांमधल्या नव्या पानांच्या कडा जळायच्या थांबल्या, आणि काकूंना आकड्यांपेक्षा ते जास्त कळलं.

चौथं वर्ष

चौथ्या पावसाळ्यात वादळ आलं आणि नेमकं मोठ्या भरतीच्या दिवशी आलं. लाटा कुंपणापर्यंत पोचल्या. काटक्यांचं कुंपण गेलं, समोरचा वाळूचा उंचवटा चार मीटर आत कापला गेला, आणि त्याबरोबर पुढची सगळी वेल. मी तिसऱ्या दिवशी गेलो. वाळूचा कापलेला कडा उभा होता आणि त्यातून मुळांचे दोर लोंबत होते, काही माझ्या उंचीएवढे. मागची वेल जागेवर होती. मर्यादवेल वाळू धरते, लाटेला अडवत नाही. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवून घर बांधू नये, हे मी त्या घरी आधीही सांगितलं होतं आणि त्या दिवशी पुन्हा सांगितलं.

काकूंनी फार ऐकलं असं वाटलं नाही. त्या किनाऱ्यावर चालत होत्या आणि लाटेने परत आणून टाकलेल्या फांद्या गोळा करत होत्या. एकेका पेराला नख लावून पाहत होत्या. मग कड्याच्या पायथ्याशी वाकून त्यांनी हातानेच चार बोटं चर काढला, फांदी आडवी निजवली, वाळू ओढली आणि शेंडा बाहेर ठेवला. मी पाण्याची बादली आणू का विचारलं तर म्हणाल्या, "नको. आभाळ भरलंय."

मी पलीकडच्या टोकापासून दुसरा चर काढायला घेतला.